सेंट मारलेली चहापत्ती

वेलचीच्या सेंटचा वास आला की माह्यं डोकं फिरते. मेहकरच्या दुकानात बायकोनं चहापत्ती हुंगली अन् म्हणाली, "भाऊ, ही एकदा उकळलेली पत्ती हाय, वरून वेलचीचा सेंट मारला." दुकानदार गिऱ्हाइकांसमोर हसला, "वहिनी, नाकाचा इलाज करा." ती पत्ती तिथंच ठेवून दुकानाबाहेर निघाली. म्या तक्रार केली, सरकारी माणसानं नमुना नेला. प्रयोगशाळेत मशीननं वास तपासला, तर चहाचा वास नव्हताच, नुसता सेंट. पण रिपोर्ट आला तवा तिले जाऊन आठ दिवस झाले होते. तेरवीले दुकानदार पंगतीत बसून म्हणे, "वहिनीचं खरं होतं." म्या म्हणलं, "मले काऊन सांगून राह्यला बे? तिले सांगाचं होतं. ऊठ!" भरल्या ताटावरून उठवलं त्याले. लोक अजून मले नावं ठेवतात. ठेवोत.