सर्व्हर नावाची सवत

माझी सवत पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात राहते. बाई नाही, सर्व्हर आहे. पण म्हणून जळफळाट कमी होतो असं नाही. अख्ख्या शहराच्या पाणीबिलांचा डेटाबेस तिच्या पोटात, आणि तिची देखभाल आमच्या ह्यांच्याकडे.

बॅकअप झाला की ती पहाटे ह्यांना मेल करते. इतर लोक बॅकअप फसला तरच मेल येईल अशी सोय करतात. हे म्हणतात, "आणि मेलच बंद पडला तर? गप्प आहे म्हणजे बरी आहे की मेली, कसं कळणार?" म्हणून रोजची खुशाली. ती आली की ह्यांची कळी खुलते, मग चहा.

एका रविवारी मेल आलाच नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ह्यांनी लॅपटॉप उघडून सेटिंग्ज तपासायला घेतल्या. मेलची सेवा चालू. प्रोफाइल जागेवर, त्याला खातं जोडलेलं, पोर्ट बरोबर, पासवर्डही चालतोय. तिच्याकडून स्वतःलाच चाचणीचा मेल धाडला, तो लगेच आला. चहावर साय धरली. मला ताप आला तेव्हा ह्यांना घरातला थर्मामीटर सापडला नव्हता, आणि हिच्या पोर्टचा आकडा तोंडपाठ!

"सगळं ठीक आहे, मग मलाच का नाही?" हे पुटपुटले.

पाठवणाऱ्याचं सगळं बघून झालं होतं. घेणारा दुसरा कोणी असेल, हे ह्यांच्या डोक्यातच येईना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, ती पाठवते कोणाला, ते बघा की."

तिथे कार्यालयातल्या नव्या इंजिनिअरचा मेलचा पत्ता होता. साहेबांनी ह्यांना न सांगता ह्यांचा काढून त्याचा घातला होता.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आणि मला काय झालं कोण जाणे, त्या नव्याचाच संताप आला. सवत माझी, आणि हा कोण टिकोजीराव!

"तुमचा पत्ता घाला परत. अजून अधिकार आहेत ना?"

"आहेत." बोटं कीबोर्डवर थांबली. "पण कशाला? मी नसलो तरी तिला काय कळणार आहे?"

"मला कळतं," मी म्हणाले. "समोर बसूनही नसता तेव्हा. इतकी वर्षं कळतंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला. हात मात्र त्याच्यावरच राहिला.