निम्मीच फिरणारी मूठ

देवाची भांडी निम्मीच घासून झाली होती. ताम्हण, पळी आणि समई चिंचेनं लखलखीत होऊन परातीत पालथी पडली होती; तांब्या, घंटा आणि निरांजनं अजून काळीच होती. मंगळवार होता, देवीचा वार. सुलक्षणा तांब्याला चिंचेचा कोळ चोळत होती, तेवढ्यात पोपटराव डोक्यात हेल्मेट घालूनच मोरीपाशी येऊन उभे राहिले.

"अगं, आवर लवकर. आज गाडीवरच जाऊ कवठ्याला, येमाईच्या ओटीला. एसटीची वाट कोण बघत बसतंय?"

"गाडीवर? आन् कॅन?"

"कॅन आज घरीच. मोकळी गाडी हाय. आज दाखवतो तुला, ही काय चीज हाय ती."

कॅन घरीच म्हटल्यावर सुलक्षणाचा हात तांब्यावरच थांबला.

पोपटराव म्हणजे भांडगाव आणि आसपासच्या वस्त्यांचे डॉक्टर. माणसांचे नव्हेत, गुरांचे. गाय-म्हैस माजावर आली की लोक फोन करायचे आणि पोपटराव ती भरवायला जायचे. वळूच्या बीजाच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा कॅन गाडीच्या मागं लाकडी चौकटीत बांधलेला असायचा. त्या कॅनला धक्का सोसत नाही. म्हणून पोपटराव खड्डा दिसला की वीस पावलं आधीच पाय खाली सोडायचे. जुन्या स्कूटरवर त्यांनी पंचवीस वर्षं असंच काम केलं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर एकाएकी चारशे सीसीची काळी मोटरसायकल घेऊन दारात उभे राहिले.

का घेतली, ते त्यांनाही धड सांगता आलं नाही. "एकदा घ्यायचं मनात होतं," एवढंच म्हणाले.

गाडी तीच, पण चाल स्कूटरचीच. पारावरचे मारुतराव एकदा म्हणाले, "डॉक्टर, ही गाडी न्हाई, दावणीला बांधलेला वळू हाय. कवा दावं सोडणार?"

"वळू दारात हाय हेच लई, मारुतराव," पोपटराव हसून म्हणाले, "सोडल्यावर धरणार कोण? तुम्ही?"

पण घरी जेवताना त्यांचं बोलणं वेगळं. कंपनी म्हणते एकशेसाठ पळते. एवढे घोडे, तेवढे घोडे. एकदा हायवेला काढायचीय मोकळी. सुलक्षणा भाकरी वाढता वाढता ऐकायची. त्यांचं घर हायवेला लागूनच. पुण्याहून सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज देवघरापर्यंत यायचा. दुभाजकाजवळ एखाद्या सकाळी एकच चप्पल पडलेली दिसली, की ती त्या दिवशी देवापुढं जास्त वेळ बसायची. कुणाची असेल, कुणाच्या घरी आज चूल पेटली नसेल, हे मनातून जायचं नाही.

त्या भीतीपायीच तिनं भाऊबीजेला ते मागितलं.

धाकटा भाऊ इंद्रजीत. यवतला त्याचं गॅरेज. भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला आला, पाटावर बसला. कपाळाला कुंकू लागलं, अक्षता पडल्या, ताटातलं निरांजन त्याच्यापुढं फिरलं. त्यानं खिशात हात घातला, तशी सुलक्षणा म्हणाली, "पैसं नको. साडी नको. दुसरं मागते, देशील?"

"माग की आक्का."

"दाजींच्या गाडीची रेसची मूठ निम्मीच फिरू दे. त्याच्या पुढं जाऊच देऊ नको."

इंद्रजीत हसायला लागला. मग ताट तसंच समोर धरलेलं आणि बहिणीचे डोळे भरलेले बघून त्यानं हसू आवरलं. ओवाळलेल्या ताटाला नाही म्हणायची रीत नाही. दुपारी पोपटराव आडवे झाले तेव्हा त्यानं अंगणात गाडीची मूठ उघडली, आत धातूचा छोटा तुकडा बसवला आणि वरून पुन्हा रबर चढवलं. दहा मिनिटांचं काम.

पंधरा दिवस सुलक्षणा निवांत झोपली. मग एक दिवस इंद्रजीतचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता.

"आक्का, ते काढून टाकू. माझ्या डोक्यातनं जाईना. ओव्हरटेक करताना ऐनवेळी रेस लागती. माणूस मूठ पिळतो आन् गाडी पुढं जात न्हाई, अशी गत झाली तर समोरचा थांबतो व्हय?"

"तू आता सांगतोस?"

"तू तवा ऐकत होतीस का? तुझी ओवाळणी हाय. तू म्हणशील तवा काढतो. पण दाजींना सांगावं लागंल."

तेच तिला जमेना. आधी ते जोरात जातील म्हणून भीती होती, आता जोरात जायची वेळ आली आणि जाता आलं नाही तर, म्हणून भीती. आणि ही दुसरी भीती तिनं स्वतःच्या हातानं ओवाळून घरात आणलेली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता संक्रांत गेली. कॅन आहे तोवर ते हळूच जातात, हा एक आधार होता. आज तोही घरीच राहिला.

"अहो, एसटीनंच जाऊ," ती म्हणाली. "माझी कंबर धरलीय."

"गाडीच्या सीटवर एसटीपेक्षा बरं बसता येतं. चल."

तांब्या तसाच मोरीत ठेवून ती उठली. ओटीचं सामान पिशवीत भरलं, देवापुढं हात जोडले, आणि एका बाजूला पाय सोडून मागं बसली. पदर दोनदा खोचला.

हायवेला लागताच पोपटराव ओरडले, "घट्ट धर!"

तिनं खांदा धरला आणि डोळे मिटले. वारा कानात शिरला. शेजारून कंटेनर गेला तशी गाडी हलली. ती मनातल्या मनात येमाईचं नाव घेत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर काटा साठच्या जरा खाली थरथरत होता आणि एका म्हाताऱ्याची मोपेड त्यांना मागं टाकून चालली होती.

"डोळ्यांत पाणी येतंय वाऱ्यानं," पोपटराव म्हणाले, "म्हणून जरा दाबून धरलीय."

चौफुल्याहून ते न्हावऱ्याच्या रस्त्याला वळले. पारगावचा पूल ओलांडला. रस्ता अरुंद झाला, आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, उसाच्या शेंड्यांची वाढी दोन्ही बाजूंनी लोंबत रस्ता झाडत चाललेली, आणि टेपवर मोठ्यानं गाणं. पोपटरावांनी हॉर्न दिला. ट्रॅक्टरवाल्याला गाण्यापुढं काय ऐकू येणार?

पोपटरावांनी मान बाजूला काढून बघितलं. रस्ता मोकळा वाटला. गाडी उजवीकडं घेतली.

पहिली ट्रॉली निम्मी मागं पडली आणि समोरच्या वळणावरून टेंपो आला. त्यानं दिवे मारले. सुलक्षणाला टेंपोच्या काचेवरचा हारसुद्धा दिसला. आता हे मूठ पिळणार. आता ती अडणार.

"मागं घ्या! आवो मागं घ्या! मूठ फिरत न्हाई, आत अडकण हाय!"

पोपटरावांनी ब्रेक दाबला. गाडी झोकांडी खात ट्रॉलीच्या मागं आली. लोंबणारी वाढी सुलक्षणाच्या गुडघ्याला ओरबाडून गेली. टेंपो शिव्या देत निघून गेला.

बाभळीखाली गाडी थांबली. सुलक्षणा उतरली आणि मातीतच बसली.

"काय म्हणालीस तू?"

तिनं सगळं सांगितलं. भाऊबीज, ताट, इंद्रजीत, त्याचा फोन. सांगताना तिनं वर बघितलं नाही. तिला वाटलं, आता हात उठेल. तो कधी उठला नव्हता, तरी वाटलं.

पोपटरावांनी बंद गाडीची मूठ पिळली. निम्म्यात टक् असा आवाज आला. पुन्हा पिळली. टक्.

"भाऊबीजेपासून हाय हे?"

"व्हय."

"आन् मला आज कळतंय. तेबी तू सांगितलंस म्हणून."

पोपटरावांनी हेल्मेट काढलं. कपाळावर घामाच्या धारा होत्या.

"जेवताना मी सांगत असतो, एकशेसाठ, एकशेसाठ. आन् माझा हात कवा निम्म्यापतूर गेलाच न्हाई, सुलक्षणा. एकदाबी न्हाई. आत्ताबी मी मूठ पिळलीच नव्हती. टेंपो दिसला आन् हात गार पडला. तू वरडली नसतीस, तर तिथंच बसलो असतो धरून."

"आवो, तुम्हांलाबी भ्या वाटतं?"

"पन्नासच्या पुढं गेलं की मूठ आपोआप सैल सुटती. कॅनचं निमित्त सांगतो झालं."

सुलक्षणानं डोळ्याला पदर लावला. हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ज्या माणसाच्या वेगाला ती भीत होती, तो वेग त्याच्याजवळ कधी नव्हताच. पण त्यानं भीती काही कमी झाली नाही. उलट आता दोघांची एकत्र झाली. उसाचा दुसरा ट्रॅक्टर बाजूनं गेला, तशी ती दचकून बाभळीच्या बुंध्याला टेकली.

"मग राहू द्यायचं का काढायचं?" तिनं विचारलं.

"काढायचं. माझं भ्या मला पुरंसं हाय, वर लोखंडाचं कशाला?" पोपटराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "असं आणखी काय मागितलंस ओवाळणीत?"

"काय न्हाई. येमाईची आण."

"तिची आण घेतीस, आन् तिच्याकडंच निघालीयस. चल, बस."

सुलक्षणानं इंद्रजीतला फोन लावला. "दाजींना सांगितलं. काढायचं आता ते," एवढंच म्हणाली. पलीकडून तो सुटल्यासारखा एक श्वास सोडून सांगायला लागला, कुठला स्क्रू ढिला करायचा, रबर कसं सरकवायचं. तिनं फोन पोपटरावांच्या कानाला लावला. "व्हय रे मेव्हण्या," ते मध्येच म्हणाले, "तुझ्याशी मागनं बोलतो."

गाडी पुन्हा सुरू झाली. ट्रॅक्टरच्या बरंच मागं राहून, पंचवीस-तीसच्या चालीनं. सुलक्षणाचा हात त्यांच्या खांद्यावर होता. देवीची ओटी नंतर. आधी न्हावऱ्यात एखादं गॅरेज बघून मुठीतला तो तुकडा काढून घ्यायचा होता.