जंगल कोणी खाल्लं

प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला बुके बघितला की मला मळमळतं. फुलांचा काही दोष नाही. पण आमच्या पर्यावरण मंचाच्या एकाही कार्यक्रमात बुके चुकलेला मी पाहिला नाही, आणि तो हातात देताना माईकवरून प्लास्टिकमुक्तीचा उल्लेखही कधी चुकला नाही.

मी अमरावतीत शाळेत भूगोल शिकवते. डोळ्यांदेखत डोंगर बोडके होत होते म्हणून मंचात शिरले. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. आवाज भारदस्त, आणि टाळी मिळेपर्यंत वाक्य लांबवायची सवय. झाडांवर सरकारने केलेला खर्च प्रत्यक्ष जागेवर दिसतो का, हे जाऊन बघायचं, अशी कल्पना मी मांडली होती. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते.

म्हणून एका हिवाळ्यात आम्ही चौघं परतवाड्यापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने एका टेकडीच्या पायथ्याशी गेलो. गेल्या पावसाळ्यात तिथे वनखात्याने रोपं लावली होती. रस्त्याकडेला हिरवागार रंगवलेला मोठा फलक होता. हिरवं म्हणावं असं तेवढंच, टेकडीवर नुसत्या काड्या उभ्या. पायथ्याच्या शेवटच्या घरात पन्नाशीची एक बाई एकटी राहायची. तिच्या तीन बकऱ्या, त्यातली एक गाभण. अडीनडीला एखादी विकायची, पिल्लं वाढवायची, असं तिचं चाललेलं. बकऱ्या ती ओढ्याकाठी चारायची. टेकडीवर चरायला होतं तरी काय?

आम्हाला पाणी देऊन झाल्यावर ती वर घेऊन गेली आणि एक काडी तिने उपटून दाखवली. मुळाला रोपवाटिकेतली काळी प्लास्टिकची पिशवी तशीच होती.

"पिशवीसकट गाडून गेले जी," ती म्हणाली. "पिशवी फाडाले टाइम कोणाले हाये? मूळ जाईन कुठी?"

आणखी दोनचार उपटल्या. सगळीकडे तेच. शेंडे जागच्या जागी वाळलेले, एकाही काडीला कोणाचं तोंड लागलेलं नाही. मला संताप आला, आणि खोटं कशाला सांगू, पुरावा हाती लागल्याचा आनंदही झाला. अध्यक्षांनी पिशवी हातात धरून फोटो काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात आमचं शिष्टमंडळ वनखात्याच्या साहेबांच्या दालनात गेलं. अध्यक्षांनी ती पिशवी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती एका बोटाने बाजूला सरकवली, चहा मागवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे तुम्हाला दाखवलं कोणी?"

आमच्या अध्यक्षांना साधा प्रश्न ऐकूच येत नाही, भाषणाची संधीच ऐकू येते. "तळागाळातली माणसं आमच्यासोबत आहेत, साहेब. टेकडीच्या पायथ्याशी शेवटच्या घरात राहणारी एक साधीसुधी बाई, बकऱ्या राखणारी..."

"बकऱ्या?" साहेबांनी कप खाली ठेवला. "मग तर प्रश्नच मिटला. चराई. आम्ही लावायचं आणि या लोकांनी चारायचं. बरं झालं सांगितलंत, कारवाई करतो."

"साहेब, बकरीने खाल्लेलं झाड शेंड्यासकट उभं कसं राहतं?" मी विचारलं.

"मॅडम, बिस्किट घ्या," साहेब म्हणाले. अध्यक्षांनी घेतलं.

त्याच आठवड्यात बाईच्या तिन्ही बकऱ्या कोंडवाड्यात गेल्या. मला हे कळलं ते मंचाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. अध्यक्षांनी बातमी टाकली होती, 'मंचाच्या पाठपुराव्याला यश, अवैध चराईवर कारवाई.' खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे, असं मी लिहिलं. मग एका सभासदाने उत्तर दिलं, "ताई, एवढं नकारात्मक होऊ नये." त्या माणसाचा मला इतका राग आला, की समोर असता तर काय बोलले असते सांगता येत नाही.

मी दोनदा त्या कार्यालयात गेले. दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर होते आणि त्यांची गाडी दारात उभी होती.

मग गावात गेले. दंड भरायला बाईला गाभण बकरी कोंडवाड्यातूनच विकावी लागली होती. उरलेल्या दोन सोडवून आणल्या, तर वनरक्षक रोज येऊन दम देई, बाहेर दिसली की धरीन. बांधून ठेवलेल्या बकऱ्यांना ती काय घालणार? त्याही परतवाड्याच्या बाजारात गेल्या. तिने मला पहिल्यासारखंच पाणी दिलं.

"माहं घर काहून सांगतलं, बाई?" तिने विचारलं.

मी सांगितलं नव्हतं. पण टेकडी जाऊन बघायची कल्पना माझीच होती.

मे महिन्यात अकोल्याला हवामान बदलावर परिषद झाली. बाहेर अकोल्याचं ऊन, आत एसी असा, की बायका पदर लपेटून बसलेल्या. तिथे अध्यक्षांचा सत्कार झाला. बकऱ्यांची गोष्ट त्यांनी 'लोकसहभागातून वनसंरक्षण' म्हणून सांगितली. कुंपणच शेत खातं हे त्या सभागृहात कोणाला ठाऊक नव्हतं? तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बुके आला. मला खरोखर किळस आली. मी उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले, तिथे जरा बरं वाटलं.

चराई थांबली, या कारणावरून त्याच टेकडीला त्या पावसाळ्यात नव्याने रोपं मंजूर झाली. मांडव घातला, साहेब आले, आमचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे. मी मंच सोडला नव्हता, म्हणून मीही होते. खड्डे मागचेच, फक्त उकरून मोकळे केलेले. रोजीने कामाला लावलेल्या बायांमध्ये ती बाईही होती. तिनेच रोप पुढे केलं. अध्यक्षांनी ते कॅमेऱ्याकडे बघत खड्ड्यात ठेवलं, पिशवीसकट.

"सर, पिशवी," मी मोठ्याने म्हटलं.

"मॅडम, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," फोटोग्राफर म्हणाला.

टाळ्या झाल्या आणि सगळे जेवणाच्या मांडवाकडे वळले. ती बाई माती लोटायला बसली. मी तिच्याजवळ वाकले आणि पिशवी फाडायला हात घातला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू द्या, बाई," ती हळूच म्हणाली. "थे पुन्हा इचारतीन, कोणी दाखवलं म्हणून. बकऱ्या तं गेल्या. आता हे रोजीच राहिली हाये माही."

मी हात मागे घेतला. तिने पिशवीवर माती लोटली आणि पायाने दाबली.