विस्तवाचं मडकं आणि माझी मान

माझी मान डावीकडे वळते. मी वळवत नाही, ती वळते. हा फरक मी गेली अकरा वर्षं लोकांना समजावून सांगतो आहे आणि समजावताना ती वळलेलीच असते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, झोपेत अवघडली असेल. केदारखेड्यात आमच्या गल्लीत एक पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, बाई होत्या. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. त्या बाईंनी मला ओट्यावर पालथं पाडून मोठ्या भक्तिभावाने मानेवर पाय दिला. त्यानंतर चार दिवस मानेसोबत पाठही दुखत होती.

शेवटी संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. डिस्टोनिया. मेंदू स्नायूला भलताच हुकूम देतो आणि स्नायू बिचारा तो पाळतो, असं त्यांनी मला समजावलं. दर तीन-चार महिन्यांनी मानेत बोटॉक्सची इंजेक्शनं घ्यायची, म्हणजे स्नायू जरा सुस्तावतो. हे घरी कळल्यावर काकांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाने विचारलं, "नट्या तोंडाला टोचून घेत्यात तेच का?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मंग तुला तर काहीच फरक न्हाई."

मानेचे स्वतःचे नियम आहेत. सरळ चालायला लागलं की ती वळते, पळालो तर वळत नाही. उलटं चाललो तर अजिबातच नाही. ग्लासातून चहा पिताना वळते, बशीतून पिताना सरळ. हजेरीपटावर सही करताना वळते, फळ्यावर लिहिताना थोडी कमी. हनुवटीला दोन बोटं नुसती टेकवली की पाच-दहा मिनिटं शहाण्यासारखी समोर राहते. यामागे काय आहे ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. मी भोकरदनच्या एका शाळेत गणित शिकवतो. माझ्या वर्गात कॉपी होत नाही, कारण सर फळ्याकडे तोंड करूनही मागे बघतात अशी पोरांची खात्री आहे. एसटीत मात्र मला डावीकडची खिडकीच लागते. ती मिळाली नाही तर मी उभ्याने जातो, कारण शेजारच्या प्रवाशाकडे भोकरदनपर्यंत टक लावून बघत बसलं तर काय होतं, हे मी एकदा अनुभवलं आहे.

पण मान वळवायचा सगळ्यात हमखास उपाय म्हणजे मला "समोर बघा" असं सांगणं. आधार कार्डाच्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्यामागच्या माणसाने मला हे सात वेळा सांगितलं. दर वेळी मान थोडी आणखी वळली. सातव्या वेळी मी त्याच्याकडे जवळजवळ पाठ करून बसलो होतो. त्याला वाटलं मी रागावलो आहे. मी रागावलोच होतो, पण त्याच्यावर नाही.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते अण्णांनी, माझ्या वडिलांनी. त्यांचं भोकरदनला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि ते आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरायचे. जुन्या वायरमनच्या पद्धतीने त्यांनी माझ्याकडेही महिनाभर नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "तार चांगली हाय. करंट चुकीच्या जागी जाऊन राह्यला." त्यानंतर त्यांनी मला एकदाही "समोर बघ" म्हटलं नाही. जेवायला बसताना ते ताट उचलून माझ्या डाव्या हाताला येऊन बसायचे. हे ते कधी बोलून दाखवत नसत. पाहुणे असले तरी ताट उचलायचे. मला त्यांची इतकी सवय झाली होती, की डावीकडे बघणं हे दुखणं आहे हे जेवताना मी विसरून जायचो.

गेल्या वर्षी, मोटारी जळायचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, अण्णा गेले. पंधरा दिवस दवाखान्यात होते. त्या धावपळीत माझी इंजेक्शनाची तारीख येऊन गेली. ते गेले त्या सकाळी माझी मान पहिल्या वर्षी होती तशी, थेट खांद्यावर गेलेली होती.

आमच्याकडे बाप गेला की थोरल्या मुलाने मडकं धरायचं. गोवऱ्यांचा विस्तव घातलेलं मातीचं मडकं शिंक्यात घेऊन तो तिरडीच्या पुढे चालतो, आणि त्याच विस्तवाने चिता पेटते. धरणाऱ्याला एकच बंधन असतं. घरापासून नदीपर्यंत त्याने मागे वळून पाहायचं नाही.

अंगणात तिरडी बांधून होत होती. काकांनी मला आणि धाकट्या भावाला ओट्यावर बोलावलं. भाऊ पुण्याहून पहाटेच पोचला होता. भावकीतली चार वडीलधारी माणसं आधीच बसलेली होती.

"थोरल्यानं धरायचं हे बराबर हाय," काका म्हणाले, "पण धरणाऱ्यानं मागं बघितलं की गेलेला माणूस घुटमळतो. त्याला वाटतं, बोलवून राह्यले. अन् ह्याची मान तर..." माझ्या मानेकडे सगळ्यांनी पाहिलं. ती त्या वेळी काकांकडे सोडून तुळशीकडे बघत होती.

"दादा, मी धरतो," भाऊ म्हणाला. "तू खांदा दे." तो हे प्रेमानेच म्हणाला, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मला ते मडकं धरायचं होतं. आयुष्यात मी हट्ट असा फारसा केलेला नाही, पण अण्णांच्या पुढे दुसरं कुणी चालावं हे मला सहन होणार नव्हतं. मी तसं सांगितलं. सांगताना आवाज चढला.

मग चर्चा सुरू झाली. मी म्हणालो, हनुवटीला दोन बोटं लावून चालेन, दुसऱ्या हातात मडकं धरेन. तसं करून दाखवायला सांगितलं. मी एका हातात रिकामी बादली घेतली, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीला लावली आणि ओट्यावरून चालून दाखवलं. मान सरळ राहिली. पण काकांना ते पटलं नाही. "असं वाटतं, काहीतरी हिशेब करत चाललाय. बापाच्या मयतीत बरं दिसत न्हाई." एकाने मानेचा पट्टा घालायचं सुचवलं. पट्टा घरात होता. तो घातल्यावर मान पट्ट्याच्या आतल्या आत वळली आणि पट्टाही सोबत घेऊन गेली.

मी उलटं चालतो तेव्हा मान वळत नाही, हे भावकीतल्या एका आजोबांना आठवलं. त्यांनी फार विचार करून मत दिलं, "हा उलटा चालला तर तोंड आपसूक तिरडीकडं राहील. मागं वळून बघितलं असं त्याला म्हणता येत न्हाई, कारण वळलाच कुठं?" यावर ओट्यावर पाच मिनिटं गंभीरपणे विचार झाला. उतारावर पडलो तर विस्तव अंगावर सांडेल, एवढ्याच कारणाने ते बारगळलं. मग काकांनी राजूरच्या गणपतीच्या गुरुजींना फोन लावला. त्या दिवशी चतुर्थी होती, फोनमधून देवळाच्या गर्दीचा गलका येत होता. गुरुजींनी सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मान वळवू नये असं आहे. आपोआप वळते त्याचं काय करायचं, ते माझ्या तरी वाचण्यात नाही. तुमचं तुम्ही बघा."

माय दारात येऊन उभी राहिली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. "मडकं हातानं धरत्यात," ती काकांना म्हणाली. "मानेनं न्हाई." आणि आत निघून गेली. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला उठायची खूण केली.

तरी काकांनी एक खबरदारी घेतलीच. माझ्या उजव्या हाताला त्यांनी माझा एक चुलतभाऊ चालायला दिला. मी मागे बघायला लागलो की त्याने मला सावध करायचं. हा चुलतभाऊ कामसू माणूस आहे. त्याने मारुतीच्या पारापर्यंतच मला "समोर बघ, समोर बघ" असं इतक्यांदा सांगितलं, की माझी मान खांद्यावर जाऊन बसली आणि खांदाही वर आला. मडकं हेलकावे खायला लागलं. मागून कुणीतरी कुजबुजलं. लाज वाटत होती आणि स्वतःच्या मानेचा संताप येत होता. वाटलं, भावाने धरलं असतं तर अण्णांची मिरवणूक तरी नीट निघाली असती.

तेवढ्यात चाचा पुढे आले. अण्णांच्या दुकानाला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, तीस वर्षांपासून. त्यांनी चुलतभावाच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं. "अरे, उसको बोलो मत," ते म्हणाले. "जितना बोलेंगे उतना मुडेगा. बिलकुल चूप." मग मला म्हणाले, "मास्तर, तू आपला आरामात चल. कुणाला काय बघायचं ते बघू दे." चुलतभाऊ तोंड पाडून मागे गेला.

त्यानंतर वीस-पंचवीस पावलं मान बरीच सरळ राहिली. मग ती पुन्हा वळली आणि वळलेलीच राहिली. मी तिच्याशी भांडायचं सोडून दिलं. केदारखेड्यात नदीकडे जायचा रस्ता मला पाठ आहे, त्यासाठी समोर बघायची गरज नाही. हातातलं मडकं तेवढं स्थिर ठेवलं आणि डाव्या खांद्यावरून मागे बघत मी नदीपर्यंत चालत गेलो.

नदीवर बाकीचं सगळं रीतीने झालं. अग्नी दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला काकांनी दगडाने मडक्याला भोक पाडलं, पाणी पाठीवरून वाहत राहिलं. शेवटी मी मडकं मागे टाकलं, सगळ्यांनी तोंडं फिरवली आणि रीतीप्रमाणे मागे न बघता ते काठ चढायला लागले. मीही चढलो. सगळ्यांच्या पाठी मला दिसत नव्हत्या, मला जाळ दिसत होता.

घरी आल्यावर अंगणातल्या नळावर पाय धुवायला रांग लागली. काका माझ्या आधी होते. त्यांनी पाय धुतले आणि ते बाजूला न होता तिथेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, आता ते बोलणार. काय बोलतील याची मी वाटभर तयारी केली होती आणि उत्तरही कडक तयार ठेवलं होतं.

"तू सारखं बघत व्हतास," ते म्हणाले.

"हो."

"मी खांद्याला व्हतो. खांद्यावर घेतल्यावर वरचं काही दिसत न्हाई. अन् नदीवरून येताना तर बघायचंच न्हाई." ते नळाच्या तोटीशी उगाच चाळा करत होते. "आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजे, गेले तवा तुझ्या बापानं मडकं धरल्तं. मी पोरसवदा व्हतो. बघू नको म्हणाले, म्हणून न्हाई बघितलं. मान अशी ताठ धरून चालत आल्तो." त्यांनी मान ताठ करून दाखवली. "आजवर मला वाटतं, थोडं बघायला पाह्यजे व्हतं."

तयार ठेवलेलं उत्तर इथे लागू पडत नव्हतं.

"तर मंग सांग," काका म्हणाले. "काय दिसलं?"

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. तिरडीवर अण्णांचे पाय माझ्याकडे होते, म्हणून वाटभर पायच दिसत होते. दोन्ही अंगठे सुताने बांधलेले होते. विसाव्याला खांदेकरी बदलले तेव्हा तिरडी थोडी कलली आणि डाव्या टाचेवरचं कापड सरकलं. वाइंडिंगला वॉर्निश लावायचे ना, त्याचा पिवळा डाग टाचेवर तसाच होता. सकाळी आंघोळ घालताना आम्ही दोघा भावांनी दगडाने घासला होता, तरी गेला नव्हता.

"डाग राह्यला व्हता?" काकांनी विचारलं.

"राह्यला होता."

"डाव्या टाचंला?"

"डाव्या."

रांगेतली माणसं खोळंबली होती. कुणीतरी मागून म्हणालं, चला, आटपा. काकांनी नळ बंद केला, पण ते उठले नाहीत. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "पुन्हा सांग. घरापासून सांग."