काळ्या मोटारीची उलटी बॅटरी

सास्तूरहून फोन आला तेव्हा मी अणदूरच्या माझ्या दुकानात एका ट्रॅक्टरच्या सेल्फ-स्टार्टरचे कार्बन बदलत होतो. पलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "तुम्ही गाड्यांचं वायरिंग करता ना? माझी मोटार बंद आहे."

"कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"भूकंपाच्या पुढच्या वर्षापासून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण बाईंनी तेच वाक्य पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगितलं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि थेट शेजारच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले चाचा इंजिनाचे मिस्त्री. लोखंडाचं काम त्यांचं, विजेचं माझं, अशी आमची फार जुनी वाटणी. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तीस साल? अरे, ती गाडी न्हाय, कबर आसंल." आणि तरी दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तेच तयार होऊन बसले होते.

सास्तूरच्या त्या बाई ऐंशीच्या पुढच्या. निवृत्त नर्स. गावात सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. पूर्वी या भागात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची ही विलायती मोटार. त्या गाव सोडून गेल्या तेव्हा मोटार यांना देऊन गेल्या. सिस्टरबाई तिच्यातून वाडीवस्तीवर बाळंतपणं करायला जायच्या. बाई मोटार चालवते म्हणून लोक औत थांबवून बघत राहायचे.

"भूकंपात माझं घर गेलं," त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या. "मी आणि मोटार त्या रात्री दुसऱ्या गावी बाळंतपणाला होतो, म्हणून दोघी राहिलो." पुढं कित्येक दिवस त्यांनी तिच्यातून जखमी माणसं नेली. वर्षभरानं ती थांबली. सुटे भाग मिळेनात. मग नव्या घराशेजारी पत्र्याचं शेड घालून त्यांनी तिला आत ठेवलं.

चाचांनी आणि मी ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला, आणि तो बसल्यावर मी जागच्या जागी उभाच राहिलो. काळं, गोल बॉनेट, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, आणि दोन दरवाजांच्या मधल्या खांबात एक अरुंद खाच. मी तिच्यात नख घातलं तर बोटभर रुंदीचा, नारिंगी काचेचा एक छोटा हात बाहेर आला. वळताना माणूस हात दाखवतो तसा हात दाखवणारा इंडिकेटर! मी त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. मी तो परत आत ढकलला, पुन्हा काढला, पुन्हा ढकलला.

"खेळतो काय?" चाचा म्हणाले, आणि स्वतःही एकदा काढून बघितला.

इंजिन पार जाम झालेलं. पुढून हँडल घालून चाचांनी जोर लावला तर मोटारच हलली, आतलं काही हललं नाही. त्यांनी प्लग काढले, भोकांतून रॉकेल आणि ऑईल सोडलं आणि म्हणाले, "पिऊ दे तिला." पुढच्या रविवारी गेलो, हँडल हललं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी तोवर वायरिंगला लागलो होतो. कापडाच्या वेष्टणाच्या वायरी हात लावला की पापडासारख्या मोडायच्या. अर्ध्या तर उंदरांनीच खाल्लेल्या. मी एकेक वायर काढून तिच्या मापाची नवी घालत होतो. असंच एका रविवारी समोरून चाचांची आरोळी आली.

"फिरलं! फिरलं रे!"

हँडल पाव फेरा पुढं गेलं होतं. चाचा गुडघेदुखीचा माणूस, पण शेडमध्ये उड्या मारत होते. सिस्टरबाई पदराला हात पुसत धावत आल्या आणि म्हणाल्या, "बाजूला व्हा, मला बघू द्या." त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि उरलेला फेरा स्वतः पुरा केला.

त्यानंतर आम्हाला रविवारपर्यंत धीर धरवेना. दुकान लवकर बंद करून सास्तूर गाठायचो. चाचांनी कार्बोरेटर खोलला, पेट्रोलची टाकी धुतली, ब्रेक सोडवले. मी बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमोचं आर्मेचर साफ केलं, नवे कार्बन घासून बसवले. शेवटी नवी बॅटरी जोडली. चाचांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि एकदम धडाडलं. निळा धूर शेडभर झाला. सिस्टरबाई टाळ्या वाजवत होत्या.

पण माझं लक्ष करंटच्या मीटरवर होतं. काटा धाडकन उलट्या बाजूला जाऊन आपटला. डायनमोचा करंट बॅटरीकडं सोडणाऱ्या कटआउटच्या डबीतून वास यायला लागला. मी ओरडलो, "बंद करा!" आणि बॅटरीची वायर ओढून काढली.

मी सगळं जोडकाम पुन्हा तपासलं. कुठंच चूक नव्हती. नवीन वायर, नवीन कार्बन, आर्मेचर चोख. मग हे काय? चाचा म्हणाले, "तुझं शास्त्र तू बघ," आणि त्यांनी बिडी पेटवली.

काही सुचेना म्हणून मी जुन्या, काढून टाकलेल्या वायरींचा ढीग उपसत बसलो. बॅटरीच्या दोन जाड वायरी त्यात होत्या, त्यांची टोकं हिरव्या किटानं भरलेली. एक टोक घासता घासता माझा हात थांबला. बॅटरीचा प्लसचा खांब जाड असतो, मायनसचा बारीक. त्यामुळं त्यांच्या पकडीही लहानमोठ्या असतात. आणि मोटारीच्या अंगाला जोडलेली जी वायर होती, तिची पकड मोठी होती.

मोठी! म्हणजे या मोटारीत अर्थिंगला प्लस होता. मी आयुष्यभर मायनस गाडीच्या अंगाला जोडत आलो, ट्रॅक्टर असो, ट्रक असो. जुन्या विलायती गाड्या उलट्या असायच्या हे मला काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं, पण हाताखाली तसली एकही आली नव्हती.

"चाचा, उलटी आहे! बॅटरी उलटी लावायची!"

"येडा झाला काय?"

मी बॅटरी फिरवली. प्लस मोटारीच्या अंगाला. डायनमो जुन्या दिशेला यावा म्हणून बॅटरीच्या दुसऱ्या खांबावरून त्याच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, वायरीचं टोक क्षणभर टेकवलं. चट्‌ करून ठिणगी उडाली. चाचांनी हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. मी मीटर बघत होतो. चाचांनी हळूहळू रेस दिली, आणि काटा हलला, थरथरत उजवीकडं चढला आणि तिथंच राहिला. चार्जिंग! मी दिव्यांचं बटण ओढलं. समोरच्या पत्र्यावर दोन पिवळी वर्तुळं पडली. इंडिकेटर दिला तर तो नारिंगी हात आपसूक वर उठला आणि आतून उजळला. मी आणि चाचा एकमेकांना मिठी मारून नाचत होतो, दोघांचे हात ग्रीसनं काळे.

तेवढ्यात मागं दार आपटलं. वळून बघतो तर सिस्टरबाई स्टीअरिंगवर.

"अहो बाई, थांबा! आधी आम्ही चालवून बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही चालवली आहे का कधी ही?" त्यांनी विचारलं. गिअर कर्रकन वाजला, दुसऱ्यांदा बिनआवाज पडला, आणि मोटार शेडमधून बाहेर निघाली. आम्ही दोघं मागं धावत सुटलो. गल्लीतल्या बाया दारात आल्या. एकजण मोटारसायकल कडेला घेऊन ओरडला, "सिस्टरबाईची मोटार! अरे, सिस्टरबाईची मोटार चालू झाली!" लोहाऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून मोटार लांब गेली, ठिपक्याएवढी झाली. चाचांनी कमरेवर हात ठेवले. "लई चालवती की रे बाई," ते धापा टाकत म्हणाले.

थोड्या वेळानं ती परत आली आणि आमच्या पायांपाशी थांबली. सिस्टरबाईंच्या कपाळावरचे पांढरे केस उडाले होते, गाल लाल झाले होते. काच खाली करून त्या चाचांना म्हणाल्या, "ब्रेक मारला की डावीकडं ओढते. बघा जरा. आणि आता दोघं मागं बसा, तुम्हाला फिरवून आणते."