वॉशरचा डावा डोळा

शहागडला हायवेवर ट्रॅक्टरचं काही मोडलं तर लोक दुकानाची पाटी शोधत नाहीत, कुत्रा शोधतात. कुत्रा दिसला की चांदपाशाचं वेल्डिंगचं दुकान आलं. पत्र्याचं छप्पर, पुढं मोडक्या ट्रॉल्या, वाकलेल्या वखरांचा ढीग, आणि त्यात पुढचे पाय लांब करून पसरलेला एक पांढरा कुत्रा. त्याच्या डाव्या डोळ्याभोवती काळं गोल कडं आहे. कुणा ट्रक ड्रायव्हरनं ते बघून त्याला वॉशर म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. चांदपाशानं खरं तर सुलतान असं भारदस्त नाव ठेवलं होतं. पण सुलतान म्हटलं की कुत्रा डोळे मिटायचा आणि वॉशर म्हटलं की शेपूट हलवत उठायचा. त्याला कोण काय करणार?

चांदपाशाचं वय अठ्ठावन्न. त्यातली पस्तीस वर्षं लोखंड ठोकण्यात गेली. हातोड्यानं कान अर्धे नेले, ही त्याची जुनी तक्रार. तोंडापुढं काळी काच धरून तो वेल्डिंगला बसला की मागून हत्ती आला तरी त्याला पत्ता लागत नाही. दोन वर्षांपूर्वी उसाची भरलेली ट्रॉली अशीच मागं मागं सरकत आली होती. ड्रायव्हर एकीकडं बघत होता, चांदपाशा दुसरीकडं. वॉशरनं त्याची विजार दातांत धरली आणि असा हिसका दिला की चांदपाशा काचेसकट उताणा पडला. तो आधी कुत्र्यावरच ओरडला. मग जिथं आपण बसलो होतो तिथं ट्रॉलीचं चाक उभं दिसलं. त्या दिवसापासून वॉशर कायम त्याच्या डाव्या हाताला बसू लागला. उजवीकडं बसवलं तरी उठून डावीकडं यायचा.

दुकानाच्या मागंच घर. पण घराचा उंबरा वॉशरनं कधी ओलांडला नव्हता, कारण उंबऱ्याच्या आत इमामबीचं राज्य होतं. इमामबी पाच वेळची नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर कपडा धुवायचा, भांड्याला लागली तर भांडं सातदा घासायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. म्हणून ती वॉशरला हात लावत नव्हती. मात्र त्याची भाकरी ती रोज वेगळी थापत होती, आणि तिच्यावर रस्सा किती, हेही तीच ठरवत होती. घरात बोलणं उर्दूत चालायचं. इमामबी चिडली की मात्र सरळ मराठीवर यायची. रागाला मराठी बरी पडते, असं तिचं मत.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी वॉशर डावा डोळा मिटून आला. डोळ्यातून पाणी गळत होतं. आदल्या दिवशी चांदपाशानं दिवसभर ग्राइंडर चालवला होता. ठिणग्या उडत होत्या आणि वॉशर नेहमीसारखा शेजारी.

“मीच केलं हे,” तो इमामबीला म्हणाला. “माझीच ठिणगी गेली त्याच्या डोळ्यात.”

आता वेल्डिंगवाल्यांची एक रीत आहे. उजेड लागून डोळे लाल झाले, रात्रभर वाळू टोचल्यासारखं झालं, की कुणी बटाट्याच्या चकत्या ठेवतं, कुणी दुधाचा बोळा. आणि प्रत्येकाच्या खिशात औषधाच्या दुकानातून नुसतं नाव सांगून आणलेली थेंबांची एक छोटी बाटली असते. दोन थेंब घातले की लाली उतरते, ठणका थांबतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. चांदपाशाचा त्या बाटलीवर पिरावर असावा तेवढा विश्वास. त्यानं तीच बाटली वॉशरसाठी काढली. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, हात धुऊन, बिस्मिल्ला म्हणून तो थेंब घालायचा. लाली उतरायची. चार दिवस बरं वाटायचं. मग पुन्हा डोळा मिटलेला आणि पुन्हा पाणी. असे पाच आठवडे गेले. बुबुळावर धुरकट गोल डाग दिसू लागला. जवळच्या गुरांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हे बारीक काम आहे, जालन्याला न्या.

रामराव हा मोसंबीवाला शेतकरी. त्याच्या छोट्या हत्तीचं, म्हणजे टेम्पोचं, एकूण एक जोडकाम चांदपाशाच्या हातचं. तो जाळ्या भरून जालन्याला निघालाच होता. “चढवा तुमच्या सुलतानाला,” तो म्हणाला. मोसंबीच्या वासात, पोत्यावर मान टाकून, वॉशर जालन्याला पोचला.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टर वंदना म्हणून होत्या, टेंभुर्णीच्या शेतकऱ्याची लेक. त्यांनी वॉशरच्या डोळ्यात एक नारिंगी थेंब सोडला, खोलीतला दिवा घालवला आणि निळा टॉर्च धरला. बुबुळावर हिरवा डाग चमकला.

“जिथं हिरवं दिसतं तिथं जखम उघडी आहे, चाचा.”

“ठिणगी दिसून राह्यली का, म्याडम?”

त्यांनी भिंग लावून नीट बघितलं. “ठिणगी न्हाईच. लोखंडाचा कणसुद्धा न्हाई. काटा लागला असंल, न्हाईतर मांजराचं नख.”

पाच आठवडे छातीवर ठेवलेली ऐरण कुणी उचलावी तसं चांदपाशाला झालं. त्यानं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, “आतापर्यंत काय घालत होतात?” त्यानं जरा ऐटीतच बाटली काढून दिली. डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली.

“चाचा, ह्यानं लाली जाते, ठणका जातो. पण जखम भरत न्हाई. ती भरायला लागली की हे तिला थांबवतं.”

ठिणगी त्याची नव्हती, पण पाच आठवडे जखम उघडी ठेवणारा हात त्याचाच होता. बिस्मिल्ला म्हणून, माया करून घातलेले थेंब. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

“तुम्ही स्वतः पण घालता का हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“बारा-तेरा वर्सं झाली. हप्त्यातून चार-पाच डाव.”

“मंग तुमचे डोळे दाखवा डोळ्यांच्या डॉक्टरला. याच महिन्यात. विसरू नका.”

“दाखवतो,” चांदपाशा म्हणाला. दाखवायचं नसतं तेव्हा आपण सगळे म्हणतो तसंच.

मग डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, डोळा काढून टाकायचा. दहा-बारा दिवसांत टाके निघतील, दुखणं कायमचं संपेल, एका डोळ्यावर कुत्रं मजेत जगतं. दुसरी वाट लांबची. जखमेच्या कडेला मेलेली सैल कातडी जमली होती, नवी कातडी तिच्यावर चढत होती पण खाली धरत नव्हती. डोळा बधिर करून ती सैल कातडी कापसाच्या काडीनं खरवडायची. मग वॉशरच्याच रक्तातलं पिवळं पाणी काढून त्याचे थेंब करायचे आणि दुसऱ्या औषधाबरोबर दिवसातून सहा वेळा घालायचे. एकदा खरवडून भागलं नाही तर पुन्हा. त्यातूनही डोळा वाचेलच असं नाही.

चांदपाशाच्या ओठावर ‘काढून टाका’ आलं होतं. माझ्या चुकीपायी त्यानं आणखी का सोसावं, असं त्याला वाटत होतं. पण सैल कातडीचं ऐकून तो थांबला.

“म्हंजे गंजावर वेल्डिंग केल्यासारखं,” तो हळूच म्हणाला. “वरून टाका दिसतो, खाली धरत न्हाई. आधी घासून पांढरं लोखंड काढावं लागतं.”

डॉक्टर हसल्या. “बराबर. बिलकुल तेच.”

गंजलंय म्हणून चांदपाशानं आजवर कुणाची ट्रॉली भंगारात घालायला सांगितली नव्हती. आधी घासून बघू, हेच तो पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. आता ते स्वतःला सांगायचं होतं. पण एक अडचण होती आणि ती सांगताना डॉक्टरही जरा अडखळल्या. ते रक्ताचे थेंब फ्रिजमध्ये ठेवावे लागणार होते.

फ्रिज इमामबीचा. त्यात दूध, त्यात सालन, त्यात रोजच्या खाण्याचं सगळं. आणि तिथं कुत्र्याच्या रक्ताची बाटली! चांदपाशानं बाहेर येऊन फोन लावला आणि चोरी कबूल करावी तसं सगळं सांगितलं. थेंब आपलेच बाधले, तेही सांगितलं. नीट ऐकू यावं म्हणून त्यानं फोन कानाशी घट्ट दाबला.

मग इमामबीनं विचारलं, “बाटली केवढी?”

“बोटाएवढी.”

“झाकण घट्ट हाय का?”

“हाय.”

“मंग या घेऊन. दाराचा खालचा कप्पा रिकामा करते. प्याशा कुत्र्याला विहिरीतून पानी काढून पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाल्ते, आन् म्या एक डबी ठिवली तर काय फ्रिज बाटतो व्हय?”

डॉक्टरांनी त्याच दिवशी डोळा खरवडला आणि रक्ताचे थेंब करून दिले. घरी इमामबीनं चहाच्या पत्तीचा जुना डबा धुऊन ठेवला होता. बाटली डब्यात, डबा पिशवीत, पिशवी खालच्या कप्प्यात. एक विटकी साडी तिनं या कामासाठीच वेगळी काढली, दारामागं खुंटीला लावली. कारण पहिल्याच दिवशी दिसून आलं की चांदपाशाच्या भाजून जाड झालेल्या बोटांना बाटली कळतच नाही. एकाच्या जागी चार थेंब पडायचे, तेही नाकावर. “द्या इकडं!” इमामबी मराठीत म्हणाली. मग दिवसातून सहा वेळा ती साडी बदलून उंबऱ्यावर बसायची, वॉशर उंबऱ्याबाहेर बसून मान वर करायचा, थेंब पडायचे आणि ती परत हातपाय धुऊन साडी बदलायची. सहा वेळा! जे काही करायचं ते तिनं केलं, पण आपला नेम मोडला नाही, आणि एकदाही कुरकुरली नाही. चांदपाशानं दुकानातली बादली कापून वॉशरच्या गळ्यात अडकवली, पंजा डोळ्याला लागू नये म्हणून. हायवेवरचे ड्रायव्हर त्याला सलाम ठोकू लागले.

दहा दिवसांनी पुन्हा रामरावचा छोटा हत्ती. या खेपेला इमामबीही आली. निळ्या टॉर्चखाली हिरवा डाग होता, पण मुगाएवढाच. डॉक्टरांनी पुन्हा खरवडलं आणि सहज विचारलं, “चाचा, तुम्ही दाखवले का डोळे?”

चांदपाशा खाली बघू लागला. इमामबीनं विचारलं, “कसले डोळे?”

सगळं बाहेर आलं. इमामबीनं दवाखान्यात आवाज चढवला नाही. कुत्र्याला रामरावच्या हवाली केलं आणि नवऱ्याला घेऊन त्याच दुपारी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली.

त्यांनी तपासलं, भिंतीवरचे ठिपके ओळखायला लावले, डोळ्यांतला दाब मोजला. दाब फार वाढलेला होता. त्या थेंबांनीच. डॉक्टर म्हणाले, असली नजर कडेकडेनं जाते आणि मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. डाव्या डोळ्याची कड गेलीय, ती परत येणार नाही. पण राहिलेलं सगळं राखता येईल, रोज एक थेंब घालून. आणखी दोन वर्षं तीच बाटली चालली असती, तर हात धरून आणावं लागलं असतं.

परतीच्या वाटेवर चांदपाशानं उजवा डोळा झाकून बघितलं. समोरचा रस्ता दिसत होता. डाव्या हाताला बसलेली इमामबी दिसत नव्हती. ट्रॉलीखाली आपण कानांमुळं सापडणार होतो, असं तो इतके दिवस समजत होता. मागं जाळ्यांच्या मधे, बादलीत डोकं घालून, वॉशर झोपला होता.

“ह्याला ठाव होतं,” चांदपाशा म्हणाला. “माझी डावी बाजू गेली ते ह्याला दोन वर्सांपासून ठाव होतं.”

इमामबीनं पदरानं डोळे पुसले.

तीन आठवड्यांनी निळ्या टॉर्चखाली काहीच हिरवं दिसलं नाही. धुराच्या बारीक रेघेसारखा वण राहिला, बाकी डोळा स्वच्छ. बादली निघाली, थेंब थांबले. चांदपाशानं डॉक्टर वंदनांना दोन्ही हात जोडले आणि आभाराचं पाठ करून आणलेलं सगळं बोलणं विसरला. “म्याडम, तुम्ही एक डोळा म्हणल्ता,” एवढंच तो म्हणाला. “तीन वाचले.”

फ्रिजचा तो खालचा कप्पा अजून रिकामा झालेला नाही. आता त्याच पत्तीच्या, सातदा धुतलेल्या डब्यात चांदपाशाची बाटली असते, कारण तीही थंडच ठेवावी लागते. संध्याकाळी इमामबी डबा उघडते. झाकणाचा आवाज झाला की वॉशर दुकानातून उठतो, उंबऱ्यापाशी येतो आणि मान वर करून बसतो. त्याचं औषध कधीच संपलं आहे, हे त्याला कोण सांगणार?

ती विटकी साडी अजून खुंटीलाच आहे. इमामबी ती नेसून बाहेर येते, त्याच्या डाव्या डोळ्यावरून, त्या काळ्या कड्यावरून, हळूच अंगठा फिरवते आणि मग हात धुवायला जाते. चांदपाशा खाटेवर तसाच मान वर करून बसलेला असतो.

“आधी त्याचा नंबर,” ती आतून सांगते. तो थांबतो.