इंची पाने आणि पोर्चमधली मोटार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. निपाणीहून बंगळूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला निघाले, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, मशीनचं शिकते म्हणजे शिलाई मशीनचं. मी ते फारसं खोडून काढलं नाही. नक्की काय शिकायचंय हे मलाही कुठे ठाऊक होतं! दुसऱ्या वर्षापर्यंत मला नट-बोल्टची चित्रं तिन्ही बाजूंनी काढता यायला लागली. खरा नट मात्र एकही सोडवला नव्हता.

मल्लेश्वरमला ज्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते, ते काका विमानांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. मराठी घर, पण दोन पिढ्या बंगळुरात. त्यामुळे काका-काकू भांडायला लागले की मराठीत सुरुवात व्हायची आणि शेवट कन्नडमध्ये. त्या वर्षी भांडणाचा विषय एकच होता, पोर्चमधली काळी मोटार. इंग्लंडात बनलेली, काकांच्या वयाची, आणि मी आल्यापासून एकदाही न हललेली. मुलीचं लग्न ठरलं होतं. काकूंना पोर्चमध्ये आचारी बसवायचे होते.

"पुढच्या रविवारी मांडववाले येणार," काकू म्हणाल्या. "तोवर ती आपल्या पायांनी बाहेर गेली तर सरी, ठीक. नाहीतर भंगारवाला नेईल. सांगून ठेवलंय मी त्याला."

इंजिनात एक गॅस्केट, दोन भागांमधलं सील, फुटलं होतं. नवं गॅस्केट आणून ठेवलेलं होतं, पण ते बसवायला वरचे नट सोडवायला हवेत. शेजाऱ्यांकडून मी पान्यांची पेटी आणली. पंधराचा पाना नटावर शिरेना, सोळाचा शिरून डुलायला लागला. काकांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"हे मिलिमीटरचे. ही बाई इंचांची आहे. जबरदस्ती केलीस तर नटाचे कोपरे जातील, आणि असा नट आता मिळायचा नाही."

काका वापरायचे ती हत्यारं कारखान्याची होती, निवृत्त होताना परत केलेली. आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. म्हणून मांडवाच्या आधीच्या रविवारी जुन्या बाजारात त्यांच्याबरोबर डोळे म्हणून मी गेले.

निघताना त्यांनी गळ्यात एक माळ घातली. मोटारीच्या जुन्या सुट्या भागांतला प्रत्येक मापाचा एकेक नट सुतळीत ओवलेला! बसमध्ये लोक वळून वळून बघत होते. मी आधी दोन पावलं मागे राहिले, मग मलाच हसू आवरेना.

चिक्कपेटेच्या पलीकडे रस्ताभर लोखंड पसरलेलं होतं. एका विक्रेत्याने माळ पाहून हात जोडले. "एनु स्वामी, हारा यारिगे?" माळ कुणासाठी, म्हणे.

"स्पॅनरिगे!" पान्यासाठी, असं म्हणून काका थेट मांडी घालून बसले.

त्याने माझ्यापुढे लाल मखमलीतली नवी पेटी उघडली. "नोडी अक्का, फर्स्ट क्लास." पाने आरशासारखे चमकत होते. मी तर भाळलेच. काकांनी एक उचलून माझं बोट त्याच्या तोंडावरून फिरवलं. मुलामा खपल्या धरून सुटत होता, आणि दोन जबड्यांतला एक जरा तिरका होता.

"आता जुना बघ. काळा. काय लिहिलंय?"

"पाच बाय सोळा." म्हणजे इंचाचे पाच सोळांश. मी खिशातली पट्टी लावली आणि गोंधळले. "काका, तोंड तर याच्या जवळजवळ दुप्पट आहे. चुकीचं छापलंय."

"बरोबर छापलंय. या जुन्या इंग्लिश पान्यांवर बोल्टची जाडी लिहितात, नटाची रुंदी नाही. अमेरिकन पान्यावर तोंडाचं माप लिहितात. दोघंही इंचवाले, पण एकमेकांकडे जात-येत नाहीत. म्हणून आकड्यावर जायचं नाही. माळेतला नट घाल, कानाशी धर आणि हलव. टक वाजलं तर सैल, खाली ठेव."

मी हलवलं. टक. दुसरा, टक. तिसऱ्याचं तोंड कुणीतरी कानशीने घासून मोठं केलेलं होतं. तो तर खुळखुळ्यासारखा वाजला. माळ काकांच्या गळ्यात असल्यामुळे दर वेळी मला त्यांच्या छातीशी वाकावं लागत होतं, आणि तेही गंभीर चेहऱ्याने कान पुढे करत होते. भोवती माणसं जमली. विक्रेत्यालाही चेव आला. तोच पोत्यातून पाने काढून द्यायला लागला. मी हलवायचा अवकाश, की गर्दीतून "टक!" असा ओरडा व्हायचा. आणि मग एक जड, काळाकुट्ट पाना नटावर असा बसला, की हलवलं तरी काही ऐकूच येईना. पुन्हा हलवलं. चिडीचूप. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात तोवर कशासाठीही टाळ्या पडल्या नव्हत्या. खरं सांगते, कान गरम झाले.

उरलेला सेट आम्ही असाच, आवाज न करणारा, एकेक करून जमवला.

घरी आल्यावर काकांनी एका फळीवर प्रत्येक पाना ठेवून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढली, मग खिळे ठोकून पाने टांगले. कारखान्यातला नियम होता: सगळी हत्यारं आपापल्या आकारात परत आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. विमानात विसरलेला पाना वर गेल्यावर काय करेल, सांगता येत नाही. आठवडाभर मी कॉलेजातून आले की नट सोडवत होते. पहिला नट सुटला तेव्हा तो करकरला आणि मी किंचाळले. काकू लाटणं घेऊन धावत आल्या.

रविवारी मांडववाले बांबू घेऊन हजर. भंगारवालाही आला, काकूंनी त्याला उपमा दिला होता, तो पायरीवर बसून खात होता. गॅस्केट बसलं होतं, नट आवळून झाले होते. काका फळीपाशी गेले आणि थबकले. पाच बाय सोळाची जागा रिकामी होती.

"पाना कुठाय?"

"काका, इंजिनात नाही. मी बघितलंय."

"बघितलंयस. पण फळीवर नाही ना? मग किल्ली फिरणार नाही."

"अहो, ही मोटार आहे, विमान नाही!" मांडववाला म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे फक्त एका डोळ्याने पाहिलं, दुसरा बंदच होता. मी मोटारीखाली सरपटले, सीट उचलली, उपमा खाणाऱ्या माणसालाही उठवून बघितलं. भंगारवाल्याने मात्र घड्याळ पाहिलं आणि मोटार ओढायची दोरी सोडायला घेतली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठणठण ऐकू आलं.

काकू इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरपुढे बसल्या होत्या, हातात आमचा पाना.

"ह्याचा नट कधीपासून सैल आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगून काही होत नाही. सगळे लावून बघितले. हाच एक गप्प बसला."

"गप्प बसला?" काका हरखून म्हणाले. "हलवून बघितलंस?"

"मग? डोळे मिटून उचलला असेल का? स्वल्प थांबा. आधी माझा नट."

आणि आम्ही थांबलो. भंगारवाला दोरी हातात घेऊन, मांडववाले बांबू टेकवून, सगळे स्वयंपाकघराच्या दारात. काकूंनी नट आवळला, पाना पदराला पुसला आणि स्वतः जाऊन फळीवर टांगला.

काकांनी किल्ली फिरवली. मोटार खोकली, शिंकली, काळा धूर सोडून गप्प झाली. पुन्हा फिरवली. आणि मग ती धडधडायला लागली, अशी की पोर्चच्या कुंड्या थरथरल्या! एका डोळ्याने चालवायला काकूंनी मनाई केली, म्हणून स्टिअरिंगवर त्यांची मुलगी, भावी नवरी, बसली. काका शेजारी, मी पायदानावर लटकलेली. फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मांडववाले शिट्ट्या मारत होते.

"थांबवू नको!" काका ओरडले. "थांबली तर परत सुरू होईल की नाही, कोण जाणे!"

म्हणून आम्ही गल्लीला फेऱ्याच मारत राहिलो. दर फेरीला फाटकाशी काकू काहीतरी ओरडायच्या आणि आम्हाला अर्धंच ऐकू यायचं. शेवटी त्या रस्त्यातच आडव्या उभ्या राहिल्या. मुलीने ब्रेक दाबला. इंजिन धडधडतच राहिलं.

"दार उघडा," काकू म्हणाल्या. "त्या भंगारवाल्याला परत पाठवलं मी. आणि मला बाजारात फुलं सांगायची आहेत."

त्या मागे बसल्या, पदर सावरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काय लटकतेस माकडासारखी? आत ये. जागा आहे."